मौन, अकरा सेकंद

मे पुसेलेत्सोच्या टेपा मी उतरवून देते.
मे म्हणजे आई; आमच्यात मोठ्या बाईला हीच हाक.
मासेरूत, शिंप्याच्या दुकानावरची खोली,
कानाला हेडफोन, पायाखाली पेडल,
मिनिटभर बोलण्याला सहा मिनिटं टंकन.
एकोणीस वर्षं झाली.
समोरासमोर ती मला चारदा भेटली असेल.
आवाजानं, जवळजवळ रोज.

पहिल्या टेपांत ती नुसती नर्स आहे.
प्रश्न अर्धा टाकून उठते, कुणाला तरी कळा सुरू झालेल्या असतात,
रेकॉर्डर टेबलावर तसाच चालू,
आणि मी इकडे ऐकत बसते:
पत्र्यावर गारा, दारात घोड्याचं फुरफुरणं,
लांबून तिचा आवाज, "अजून नाही, अजून नाही, हं, आता."
मग ते रडणं, कोवळं, संतापलेलं.
याचं काय करू, मी फोन करून विचारलं.
ती म्हणाली, लिही: व्यत्यय.

तिचा प्रश्न तसा साधाच.
दूरच्या देशांतून दर हिवाळ्यात विद्यार्थी येतात,
सहा आठवडे, कोऱ्या बुटांनी,
लिनाकेंगच्या डोंगरात जागतिक आरोग्य शिकायला.
ते काय शिकले याचे अहवाल कपाटभर.
तिला हवं होतं ते त्या कपाटात नव्हतं:
त्यांना शिकवताना इथल्या नर्सची ड्यूटी कोणी ओढली?
खाटेवरच्या बाईला कुणी विचारलं का,
की बाई, तू आज धडा होशील का?

तीनदा अर्ज, तीनदा नकार.
"विषय फार अरुंद आहे," एका पत्रात होतं.
टेपच्या शेवटी तिनं ते मोठ्यानं वाचलं, हसली.
मी सवयीनं हसूही उतरवलं.

इंगविल्द नावाची मुलगी चाळीस मिनिटं बोलते.
तारे, बर्फ, लोकांची सोशिकता, पांघरलेली ब्लँकेटं.
एका बाईनं आपलं आयुष्य बदललं म्हणते.
मे पुसेलेत्सो विचारते, "तिचं नाव काय होतं?"

तीन सेकंदांपुढची शांतता मोजून लिहायची,
हा तिचाच नियम.
मी लिहिलं: मौन, अकरा सेकंद.
पुढे नाक ओढल्याचा आवाज आहे. तो लिहिला नाही.

मग मामोखेले, वय ठाऊक नाही, दात तीन:
"दरसाल नवे हात. गार हात.
एका पोरीनं मात्र आधी शेगडीवर हात शेकले, मग पोटाला लावले.
कुठं शिकली विचाराल तर आमच्या थाकानेकडं.
दवाखाना झाडते ती."

निबंधात मे पुसेलेत्सोनं थाकानेचं नाव
आपल्या नावाशेजारी घातलं.
नियतकालिकानं विचारलं, यांची पात्रता?
तिनं कळवलं, सव्वीस हिवाळे.
वर्षानं छापून आलं. थाकाने शेवटच्या पानावर,
आभारांत, मुंगीएवढ्या अक्षरांत.
त्यावर ती काय बोलली मला माहीत नाही.
त्या महिन्यात टेपच आली नाही.

आता प्राध्यापक म्हणतात तिला.
गुडघे बोलतात, घोड्यावर चढायला ओटा लागतो.
परवा बर्गनच्या भाषणाची टेप आली: बारा मिनिटं,
पैकी अकरा सेकंद तिनं सभागृहाला
नुसती ती शांतता ऐकवली.
एक खुर्ची करकरते. कुणीतरी खोकतं.

टाळ्या, पांगणारी पावलं,
आणि रेकॉर्डर बंद करायचं ती विसरली आहे.
बादलीचं कडं वाजतं. ओला पोछा फरशीवर.
"तुझं नाव काय गं?" ती विचारते.
कुणीतरी सांगतं. दोन अक्षरं, कदाचित तीन.

मी पेडल मागे घेतलं. पुन्हा घेतलं. दहादा.
नियमानं लिहायला हवं: अस्पष्ट.
जागा कोरी ठेवली आहे.
तिला फोन लावतेय सकाळपासून;
डोंगरात असणार, लागत नाही.